माणिकनगरचे गाणे
(महोत्सवी सभेतील भाषण)



मार्गशीर्ष लागला की आपल्या सीमाभागातील गाण्याच्या शौकिनांचे पाय हुमनाबादजवळच्या माणिकनगराकडे वळतात. श्रीमाणिकप्रभूंचा जन्म १८१७ सालचा. १८६५ साली मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस ते समाधिस्थ झाले. पुढे चारच दिवसांनी दत्तजयंती. म्हणून गवई-वादकांची हजेरीही याच दिवसांत लागते. श्रोता मुळात दर्शनाला आलेला यात्रेकरू. गवयाची खरी परीक्षा त्याच्यापुढेच होते, असे माझे मत आहे.

कलबुर्गीच्या एस. एम. पंडित रंगमंदिरात गायन-नृत्याचे कार्यक्रम होतात, तेही अवश्य पाहावेत. आपल्याच गावच्या चित्रकाराचे नाव त्या वास्तूला आहे. पण तिथे घड्याळ पाहून उठावे लागते.

१९५६ साली उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. मामा तिकडे, भाचा इकडे, अशी कित्येक घरांची वाटणी झाली. प्रभूंच्या पदांची वाटणी कोण करणार? ती मराठीत आहेत, कानडीत आहेत, हिंदीतही आहेत.

आता आपली मुले कानडी वा इंग्रजी शाळेत जातात. त्यात वावगे काही नाही. मात्र मराठी पद कानावर पडले तर त्यांना अर्थ विचारावा लागतो, आणि सांगणारी आजी घरोघरी उरलेली नाही. पदे छापलेली मिळतील. चाल छापता येत नाही.

यास्तव न्यासाने येत्या मार्गशीर्षात मुलांसाठी एक मोटार करावी, अशी माझी विनंती आहे. दोन दिवस शाळा बुडेल, ती बुडू द्यावी.