ज्ञाती, गाव आणि ग्रामसभा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी ‘आमचे गाव आणि गावचे राजकारण’ या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली. ज्याची उभी नोकरी प्राथमिक शाळेत गेली, त्याच्यापाशी अनुभवाखेरीज देण्यासारखे दुसरे काय असणार? तोच आपणांपुढे ठेवतो.

मोशी सोडून इंद्रायणीचा पूल ओलांडला, की चाकणच्या वाटेवर आमची कुरुळी लागते. बाजरी, कांदा आणि बटाटा पिकविणारा हा खेड तालुक्याचा मुलूख. आज त्याच शिवारात कारखान्यांच्या पत्र्याच्या छपरांवर ऊन तळपते. बैलजोडी ज्या गोठ्यात बांधली जात असे, तेथे आता भाड्याच्या खोल्या उठल्या आहेत आणि त्यांत बिहार, मराठवाडा, विदर्भ येथून आलेले कष्टकरी राहतात. सकाळी भोंगा होतो, रस्ता वाहनांनी तुंबतो, आणि शेजारी कोण राहतो हे शेजाऱ्यास ठाऊक नसते.

पूर्वी गावची खलबते चावडीवर आणि देवळाच्या पारावर होत. ते दिवस सोन्याचे होते असे मी म्हणणार नाही. त्या पारावर सर्वांना बसता येत नसे. स्त्रियांना तेथे जागा नव्हती, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला तर उभेही राहू देत नसत. ही उणीव कायद्याने भरून काढली. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने प्रौढ मतदारांची ग्रामसभा मान्य केली, १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला घटनेचे बळ दिले, आणि महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीतील निम्म्या जागा स्त्रियांकडे आल्या.

परंतु कायद्याने दिलेले आपण वापरतो काय? वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. शेकडा १५ मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक आले, की सभेची गणपूर्ती होते. तेवढेही जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसते. अशा वेळी मूठभर माणसांच्या साक्षीने गावाच्या नावावर ठराव होतात. पुढे आपणच चहाच्या टपरीवर बसून ‘गाव विकले’ म्हणून कपाळाला हात लावतो. कारखान्यांच्या इमारतींवरील कर हे अशा ग्रामपंचायतींच्या उत्पन्नाचे मोठे साधन आहे. त्या पैशातून गटार व्हावे की कमान, हे विचारण्याची जागा ग्रामसभा आहे; टपरी नव्हे.

स्त्रियांच्या बाबतीत तर मौजच आहे. खुर्ची बाईंची आणि कारभार ‘सरपंचपतीं’चा! ग्रामसभेपूर्वी महिला सभा घ्यावी असे कायदा सांगतो. आपल्या घरातील सुना-लेकींना तेथे पाठवा आणि त्यांच्या पाठोपाठ जाऊ नका, एवढीच विनंती.

आता जे बोलावयाचे ते थोडे कटू आहे. काही तरुण मला विचारतात, ‘गुरुजी, पंचायतीच्या निवडणुकीत ज्ञातिमंडळाने आपला उमेदवार का जाहीर करू नये?’ त्यांची कळकळ मी ओळखतो. तरीही माझे उत्तर ‘करू नये’ असेच आहे. निवडणुकीच्या कामावर असताना मतदानकक्षाचा आडोसा मी पुष्कळ वेळा उभा केला आहे. त्या आडोशामागे माणूस एकटा असतो; तेथे भाऊ, सोयरा, सावकार कोणीही शिरू नये म्हणूनच तो असतो. ज्ञातीने तेथे डोकावू नये. आज आपण संख्येने मोठे असू तर दुसऱ्यांवर अन्याय होईल. उद्या लहान असू तर तोच न्याय आपणांस लागू होईल. आणि मंडळाचा उमेदवार पडला, तर हरलेल्या आणि जिंकलेल्या दोन्ही घरांतील मुले आपल्या विद्यार्थी-सत्कारास एका सतरंजीवर बसतील काय? शिष्यवृत्ती, वधूवर-मेळावा, आजाऱ्यास मदत ही आपली कामे आहेत, आणि ती एकोप्यावर चालतात. ज्याला निवडणूक लढवावयाची असेल त्याने अवश्य लढवावी. परंतु गावापुढे गावकरी म्हणून उभे राहावे.

एक गोष्ट ध्यानी धरा. आमच्या शेजारची मोशी १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेली. तेथील रहिवाशाला आज ग्रामसभा नाही. शहर ज्या वेगाने पुढे सरकत आहे, तो पाहता हा हक्क आपल्या हाती कायम राहील असे कोणी धरून चालू नये. जोवर आहे तोवर तो बजावावा. पुढच्या ग्रामसभेला प्रत्येक घरातून दोन माणसे, एक पुरुष आणि एक स्त्री, गेली, तर आजचे माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.