कोलकात्याचे खोदलेले सरोवर

अमेरिकेत सुटीचे दिवस आले म्हणजे पुष्कळ कुटुंबे चाकांवरचे घर मोटारीला जोडून निघतात आणि दूरच्या एखाद्या तळ्याकाठी मुक्काम ठोकतात. दिवसा नौकाविहार करावा, संध्याकाळी भोवतालची प्रेक्षणीय स्थळे पाहावीत, असा त्यांचा क्रम असतो. कोलकात्याच्या रहिवाशाला तळ्याकाठच्या विसाव्यासाठी शहर सोडावे लागत नाही. शहराच्या दक्षिण भागात रवींद्र सरोवर आहे. जुनी माणसे त्याला अजूनही ढाकुरिया लेक म्हणतात; रवींद्रनाथांचे नाव त्याला १९५८ साली मिळाले.

हे सरोवर निसर्गदत्त नव्हे. १९११ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने १९२० नंतरच्या दशकात येथील सुमारे १९२ एकर दलदलीची व झाडझाडोऱ्याची जमीन ताब्यात घेतली. वाढत्या शहराला घरांसाठी जागा हवी होती आणि येथील जमीन तर सखल. तेव्हा एका ठिकाणी खोदावे, निघालेल्या मातीने शेजारची जमीन उंच करावी आणि खोदलेल्या जागी पाणी राहू द्यावे, अशी ही योजना होती. आज त्या पाण्याचा विस्तार सुमारे ७३ एकर आहे. काठची टुमदार वस्ती आणि समोरचे पाणी ही दोन्ही एकाच कुदळीची अपत्ये होत.

कलकत्त्याच्या आणखी एका खोदकामाशी मराठी माणसाचा संबंध आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा शहराच्या रक्षणार्थ खंदक खणण्यास प्रारंभ झाला. फौजा कलकत्त्यापर्यंत आल्याच नाहीत. खंदक अपुरा राहिला, पुढे बुजवला गेला, आणि मराठा खंदक हे नाव तेवढे इतिहासात उरले. भीतीपोटी खणलेले बुजले. वस्तीसाठी खणलेले मात्र शंभर वर्षे होत आली तरी भरलेले आहे.

हाजरा रस्त्यावरील महाराष्ट्र निवासात उतरलेला प्रवासी कालीघाटचे दर्शन घेऊन दक्षिणेकडे वळला, तर थोड्याच वेळात या सरोवराशी पोचतो. पहाटे येथे फिरणाऱ्यांची वर्दळ असते. १८५८ साली स्थापन झालेल्या कलकत्ता रोइंग क्लबच्या निमुळत्या नावा पाण्यावरून सरसर जातात. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. सरोवरातील एका बेटावर मशीद आहे. तिच्याकडे १९२६ साली बांधलेला झुलता पूल जातो. दक्षिणेच्या अंगाला जपानी बौद्ध मंदिर आहे. निचिदात्सु फुजी या भिक्षूंनी १९३५ साली ते उभारले. गोल पार्कला रामकृष्ण मिशनची संस्कृतिसंस्था आहे आणि खरेदीची हौस असणाऱ्यांसाठी गडियाहाटचा बाजारही जवळच आहे.

परंतु जे सर्वांचे, त्याची राखण करणे अवघड. छठपूजेला उगवत्या व मावळत्या सूर्याला अर्घ्य देण्यासाठी हजारो भाविक या सरोवराच्या घाटांवर येत. तेल, फुले आणि इतर पूजासाहित्य पाण्यात पडे, फटाक्यांनी पक्षी उडून जात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने येथे ही पूजा करण्यास मनाई केली. २०१९ साली जमावाने दारांची कुलपे तोडून आत प्रवेश केला. २०२० च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही मनाईला स्थगिती दिली नाही. त्या वर्षी दारे बंद राहिली आणि भाविकांनी अन्यत्र अर्घ्य दिले. भाविकांच्या श्रद्धेत खोट नव्हती. वर्षानुवर्षे ज्या घाटावर आईने सूर्याला हात जोडले, तो घाट मुलाला एकाएकी परका वाटावा, हे दुःख खरेच आहे. परंतु वाहते पाणी आलेले पुढे नेते. साचलेल्या पाण्याला ते पोटातच ठेवावे लागते. नदी आणि तळे यांतील हा भेद कोणत्याही निवाड्याहून जुना आहे.

पाण्याची दुसरी बाजूही शहराने पाहिली आहे. २१ मे २०२२ रोजी सायंकाळी अकस्मात वादळ उठले आणि नौकानयनाचा सराव करणाऱ्या दोन शाळकरी मुलांचा येथे बुडून मृत्यू झाला. त्यानंतर काही काळ नावा काठावरच राहिल्या. माणसाने खणलेले तळेसुद्धा वादळात माणसाचे ऐकत नाही, आणि म्हणून त्याच्यावर नाव सोडताना काठावर जागता पहारा हवा, हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला.

चाकांवरच्या घरातला प्रवासी एक तळे कंटाळवाणे झाले की दुसरे गाठतो. कोलकात्याच्या माणसाला ही मोकळीक नाही. सरोवराभोवती इतकी घरे उठली आहेत की दुसरे तेवढे सरोवर खणायला आता तेथे जागाच उरलेली नाही. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे येथील ज्या श्रोत्यांच्या घराजवळ एखादे तळे शिल्लक असेल, त्यांचीही स्थिती याहून फारशी निराळी नाही.