पक्ष्यामागची पानं



संयोजकांनी ‘तुझ्या कामाबद्दल बोल’ म्हटलं. मी दिवसभर जे सॉफ्टवेअर लिहिते त्याबद्दल बोलले, तर जेवणाआधीच तुम्हाला झोप येईल. म्हणून रात्रीच्या उद्योगाबद्दल सांगते. जुनी पक्षिचित्रं स्कॅनवरून घेऊन मी संगणकावर नव्याने रेखते.

जॉन जेम्स ऑड्युबॉनचं ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ १८२७ ते १८३८ या काळात छापलं गेलं. ४३५ चित्रं, आणि प्रत्येक पक्षी खऱ्याखुऱ्या आकाराचा. कागद जवळजवळ एक मीटर उंच, तरी फ्लेमिंगो मावेना, म्हणून त्याची मान खाली वाकवली. (मी एकदा ती सरळ करून पाहिली. सर्कशीतला दिसायला लागला बिचारा, परत वाकवला.) रेषा तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या, रंग मात्र प्रत्येक प्रतीवर हाताने भरलेले.

मी आधी कागदाचा पिवळेपणा काढते, मग पेन टूलने पक्ष्याची कड धरते. पंख, शेपटी, डोळा यांचे लेयर वेगळे. मागची झाडंपानं एका क्लिकसरशी उडवायची. पांढऱ्यावर नुसता पक्षी पोस्टरला छान दिसतो.

मॅग्नोलियाच्या फांदीवर कोकिळेच्या कुळातले दोन पक्षी, असं एक चित्र आहे. तेही मी असंच साफ केलं. नंतर वाचनात आलं की ती मॅग्नोलिया ऑड्युबॉनची नाहीच. त्याच्या शिष्याची, जोसेफ मेसनची. १८२० मध्ये गुरूबरोबर होडीतून प्रवासाला निघाला तेव्हा तो १३ वर्षांचा होता, म्हणजे आपल्या आठवीतला. सुमारे ५० चित्रांच्या पानाफुलांत त्याचा हात आहे. छापील चित्रांखाली त्याचं नाव नाही. गुरूने नाव गाळलं, मी तर पानंच पुसली!

त्या रात्री मला आपली आठवी आठवली. शाळेच्या प्रदर्शनात माझा खंड्या लागला होता, सरांना आठवत असेल. कोपऱ्यात माझी सही. पण काठावरची लव्हाळी माझी नव्हती, मला पानं कधी जमलीच नाहीत. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं मधल्या सुट्टीत डबा न उघडता ती रंगवली होती. बक्षीस मी घेतलं. तिचं नाव मी सांगितलं नाही, आणि तिनंही पुढे कधी विषय काढला नाही. ती आज इथे बसली आहे.

वाचनालयाच्या भिंतीवर मी दोन चित्रं लावली आहेत. पहिल्यात मॅग्नोलिया परत आली आहे. पान न् पान पुन्हा रेखलं, त्याला पक्ष्यांच्या दुप्पट वेळ लागला. खाली दोघांचीही नावं आहेत.

दुसरा आपला खंड्या. आईने मूळ कागद जपून ठेवला होता, त्यावरून केला. लव्हाळ्यांना मी हात लावलेला नाही. माझ्या सहीशेजारी जागा मोकळी ठेवली आहे. स्केचपेन माझ्या पर्समध्ये आहे. जेवायला बसण्याआधी जरा तिकडे येशील?