अंडे फळले नाही, दोष कोणाचा?

(शाळेच्या आवारात गावकरी मंडळींपुढे केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काही मंडळी गालात हसली, हे मी पाहिले. अंडी कशी उबवावी हे सांगावयास शाळामास्तर कशाला हवा, असे त्यांच्या मनात आले असेल. पण ज्या घरी दोन एकर कोरडवाहू जमीन आणि खाणारी सहा तोंडे आहेत, त्या घरच्या बाईच्या हाती स्वतःचा म्हणावा असा पैसा पुष्कळदा खुराड्यातूनच येतो. मुलीची वही आणि म्हाताऱ्याचे औषध त्यातूनच निघते. म्हणून हा विषय हसण्यावारी नेण्याचा नव्हे.

गेल्या साली जवळच्याच एका वाडीत खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली. एकवीस दिवस गेले, पंचवीस गेले. एकही पिलू निघाले नाही. सासूने निकाल दिला की, नव्या सुनेची सावली टोपलीवर पडली, तिचा विटाळ झाला. ती पोर दोन दिवस जेवली नाही. मी चौकशी केली तेव्हा कळले की, अंडी दुकानातून आणलेली होती! बंधूंनो, दुकानची ती पांढरी अंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची असतात. तेथे कोंबडा नसतोच. कोंबड्यावाचून कोंबडी अंडे घालते, पण ते पोकळ. खाण्यास उत्तम, उबवण्यास निरुपयोगी. त्या अंड्यांतून पिलू निघणे शक्यच नव्हते, मग सावली सुनेची पडो की गावच्या पाटलाची पडो!

तेव्हा पहिली गोष्ट ही की, अंडी अशा घरची घ्यावी जेथे आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा आहे. अंडे मध्यम आकाराचे, स्वच्छ आणि बिनतड्याचे असावे. मळलेले अंडे धुऊ नये. कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात. त्यांतून आतला जीव श्वास घेतो आणि धुतल्यास त्यांतूनच घाण आत जाते. अंडी सात दिवसांहून जुनी नसावी. साठवताना निमुळते टोक खाली करून, माठाजवळच्या गारव्यात ठेवावी. उन्हाळ्यात घर तापले म्हणजे अंड्यातला अंकुर अर्धवट वाढतो आणि मरतो; दोष मात्र अमावास्येला जातो.

दुसरी गोष्ट कोंबडीची. जी खरोखर खुडूक झाली आहे, हात लावला तर पिसे फुलवून गुरगुरते पण जागा सोडीत नाही, तीच बसवावी. टोपलीत तळाशी माती, वर वाळका पेंढा घालावा. अंधारी, निवांत जागा द्यावी. पिसवा झाल्या तर कोंबडी अंडी सोडून उठते, म्हणून आधीच तिच्या पिसांत चुलीची राख चोळावी. देशी कोंबडीखाली दहा-बारा अंडीच ठेवावी. लोभाने अठरा ठेवली तर कडेची थंड पडतात, आणि ती फिरवाफिरवीत सगळीच पाळीपाळीने कडेला जातात. दाणापाणी जवळ ठेवावे. दिवसातून एकदा ती पंधरा-वीस मिनिटे उठेल, तेवढ्याने अंडी बिघडत नाहीत. कोणी टोपलीत लोखंड ठेवतात, कोणी कोळसा. ठेवोत बापडे, पण लोखंडाने अंडे फळत नाही, उबेने फळते.

तिसरी गोष्ट पारख. सातव्या रात्री अंधारात अंडे बॅटरीच्या उजेडापुढे धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा आणि मध्ये काळा ठिपका दिसला तर जीव आहे. सगळे स्वच्छ दिसले तर अंडे रिकामे आहे. रक्ताचे नुसते कडे दिसले तर जीव धरून मेला आहे. अशी अंडी काढून टाकावी, नाहीतर ती कुजून फुटतात व चांगल्यांचा नाश करतात.

ज्यांना विजेची पेटी करावयाची असेल त्यांनी चार गोष्टी सांभाळाव्या. पंखा असलेल्या पेटीत ऊब ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास सतत राहिली पाहिजे. ओलाव्यासाठी पाण्याचे भांडे हवे, आणि शेवटचे तीन दिवस ओलावा वाढवावा लागतो. कोंबडी चोचीने अंडी फिरवते, ते काम येथे आपण दिवसातून तीन ते पाच वेळा करावे व अठराव्या दिवशी थांबवावे. आणि वीज गेली तर काय, ह्याचा विचार आधी करावा. आपल्या गावी तूर्त खुडूक कोंबडीच भरवशाची.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या खेपेस एकविसाव्या दिवशी अंड्याला टोच पडली, पिलू आत ओरडू लागले, आणि मला दया आली. मी नखाने कवच सोलले. रक्त आले आणि पिलू माझ्या तळहातावर मेले. टोच मारल्यावर बाहेर यावयास त्याला एक दिवससुद्धा लागतो. तेवढ्यात ते शिरांतले रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. त्या बलकावरच ते पुढे एक-दोन दिवस दाण्यावाचून जगते. माझी दया अज्ञानाची होती. अज्ञानाची दयाही मारते, मग अज्ञानाचा राग काय करील?

पिले निघाल्यावर काम संपले असे समजू नये. पाच ते सात दिवसांच्या पिलाला मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात एक थेंब द्यावी. गुरांच्या दवाखान्यात विचारावे; लस बर्फात आणावी. मानमोडी आली म्हणजे अख्खे खुराडे ओस पडते.

कोणी म्हणेल, हे पुस्तकी ज्ञान आहे. तसे नव्हे. मिसर देशातले खेडूत शेकडो वर्षांपासून मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवीत आले. त्यांच्याजवळ उष्णतामापक नव्हता. अंडे पापणीला लावून ते ऊब ओळखीत. रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ह्या विद्येवर १७४९ साली ग्रंथ लिहिला. हातांनी काम करणाऱ्यांची ती विद्या होती. विद्वानाला ती त्यांच्यापासून शिकावी लागली. आपल्या आयाबायांजवळही अशी विद्या आहे. तिच्यातले खरे ठेवावे, खोटे झाडून टाकावे, एवढेच मी सांगतो.

त्या वाडीतली हकीकत पुरी करतो. पुढच्या खेपेस कोंबडा असलेल्या घरची अकरा अंडी आणली. सातव्या रात्री बॅटरी त्याच सुनेच्या हाती दिली. दोन रिकामी निघाली, ती तिने बाजूला काढली. नवातून आठ पिले निघाली. सासू काही बोलली नाही. पण पिलांना पहिल्या कण्या टाकावयास तिने सुनेलाच हाक मारली.

मायबहिणींनो, अंडे फळले नाही तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी ते उजेडापुढे धरा.