घड्याळ नवं की वापरलेलं?

 

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, बचत गटाच्या बायकांना महागड्या घड्याळाचं काय सुचलं? आम्हाला सुचलं नाही, ते कर्जाच्या अर्जातून आलं. लग्नसराईत आमच्या एका गटातल्या ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. कारण लिहिलं होतं, 'मुलीचं लग्न'. बैठकीत विचारलं तेव्हा कळलं, की मांडव, जेवण, कपडे यांची सोय झालेली होती. पैसे हवे होते नवरदेवाच्या घड्याळासाठी. स्विस घड्याळ, दुकानात ६०,००० रुपये. त्यांच्या भाच्याने शहरातून बातमी आणली होती, की तसंच घड्याळ वापरलेलं ३५,००० ला मिळतं. ताईंनी सरळ विचारलं, "नवं घेऊ की वापरलेलं?"

या प्रश्नावर आमच्या दोन बैठका गेल्या. बाजारपेठेतल्या एका जुन्या घड्याळजींकडेही आम्ही जाऊन बसलो. तिथे जे कळलं आणि गटात जे बोलणं झालं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी हिशेब, कारण आमच्या गटात तो आधीच होतो. व्याज शेकडा दोन, दर महिन्याला, शिल्लक मुद्दलावर. ६०,००० चं कर्ज २० महिन्यांत सारख्या मुद्दलाने फेडलं तर व्याज होतं १२,६००. म्हणजे घड्याळ पडलं ७२,६०० ला. ३५,००० चं असंच फेडलं तर व्याज ७,३५०, एकूण ४२,३५०. आकडे फळ्यावर लिहिल्यावर बैठकीत जरा शांतता झाली. तेवढ्यात एकीने विचारलं, "आणि अडीअडचणीला विकलं तर?" हा प्रश्न बाईलाच सुचतो, कारण आपण प्रत्येक वस्तूकडे मोडीच्या नजरेने बघतो. सोनं मोडलं तर घट जाते, मजुरी जाते, पण त्या दिवसाचा भाव हातात पडतो. घड्याळाचं तसं नाही. मोजक्या कंपन्यांची मोजकी घड्याळं सोडली, तर नवं घड्याळ दुकानाची पायरी उतरलं की त्याची किंमत उतरते. ती पहिली उतरण्याची झळ पहिला मालक सोसतो. वापरलेलं घेणाऱ्याला ती सोसावी लागत नाही, म्हणून निव्वळ पैशाच्या बाजूने वापरलेल्याचं पारडं जड आहे. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपण शिलाई मशीन जुनं घेतो, दुचाकी जुनी घेतो, मग घड्याळ का नको?

पण जुनं घ्यायचं तर बघून घ्यावं लागतं. घड्याळजींनी आम्हाला जे दाखवलं ते असं. महागड्या घड्याळावर प्रत्येकाचा वेगळा नंबर कोरलेला असतो, बहुतेक वेळा मागच्या झाकणावर. वॉरंटी कार्डावरचा नंबर आणि हा नंबर एकच हवा. डबी आणि कार्ड नसेल तर भाव बराच खाली यायला हवा, आणि विकणाऱ्याला घड्याळ कुठून आलं ते सांगता यायला हवं. चोरीचा माल माहीत असून घेणं हा घेणाऱ्याचाही गुन्हा आहे. म्हणून विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि घड्याळाचा नंबर घातलेली सही केलेली पावती घ्यायचीच, मग तो भाच्याचा कितीही जवळचा मित्र असो.

मग मशीन. चावीवर किंवा हाताच्या हालचालीवर चालणारं घड्याळ दिवसाला काही सेकंद मागेपुढे होतं, तो दोष नव्हे. सेलवरचं मात्र महिन्याभरात काही सेकंदांपलीकडे हलायला नको. शक्य असेल तर एक दिवस घड्याळ ठेवून घ्या आणि मोबाइलच्या वेळेशी ताडून बघा. मध्यरात्री तारीख बदलते का बघा. चावी ओढून काटे फिरवा, ते अडकायला नकोत. मागच्या झाकणावर ओरखडे असतील तर कोणीतरी नीट हत्याराशिवाय ते उघडलेलं आहे. चेन आडवी धरली की लोंबते का, तेही बघा. खूप वापरलेली चेन ढिली पडते आणि तशी बदलायला महाग असते.

पाण्याचं आम्हालाही नवीन होतं. घड्याळावर '३० मीटर' लिहिलेलं असलं म्हणजे ते घालून विहिरीत पोहता येतं असं नाही. हात धुताना उडालेलं पाणी सोसेल, एवढाच त्याचा अर्थ. आणि आतलं रबर जुनं झालं की तेवढंही सोसत नाही. शिवाय चावीच्या आणि ऑटोमॅटिक घड्याळाला काही वर्षांनी उघडून साफ करून तेल द्यावं लागतं. स्विस घड्याळाचं हे काम गल्लीतल्या दुकानात होईलच असं नाही. कंपनीच्या केंद्रात त्याला काही हजार लागतात. जुनं घेताना शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली ते विचारा. झालेली नसेल तर तो खर्च किमतीत धरा.

नव्यात हा ताप नाही. पक्कं बिल, दुकानाचा शिक्का आणि तारीख घातलेलं वॉरंटी कार्ड, आणि बिघडलं तर जाब विचारायला दुकान. मात्र दुकान अधिकृत हवं. नवंकोरं घड्याळ 'बिलाशिवाय स्वस्तात' देणारे भेटतात, त्यातली कितीतरी निव्वळ नक्कल असते. खऱ्या-खोट्याची पारख आपल्या डोळ्यांना होईल या भ्रमात राहू नका. घड्याळजीसुद्धा झाकण उघडल्याशिवाय बोलत नाहीत. मोठ्या शहरांत वापरलेली घड्याळं तपासून, स्वतःची वॉरंटी देऊन विकणारी दुकानंही आहेत. तिथे चार पैसे जास्त जातात, पण आमच्या मते ते देण्यासारखे आहेत.

इथपर्यंत सगळं वस्तूचं झालं. ताईंच्या मनात मात्र वेगळाच बेत होता, तो दुसऱ्या बैठकीत बाहेर आला. वापरलेलं घड्याळ घ्यायचं, चकचकीत करून नव्या डबीत घालायचं आणि मांडवात नवं म्हणून द्यायचं. "त्यांनी नवंच पाहिजे म्हटलंय," असं त्या म्हणाल्या.

'म्हटलंय' हा शब्द आमच्या एका वयस्कर सदस्य मावशींनी पकडला. कोणी म्हटलंय? मध्यस्थाने. कंपनीच्या नावासकट.

लग्न आणि घड्याळ यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. १९६१ साली एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळुरूला मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. पुढे घड्याळ, सायकल आणि रेडिओ या तीन वस्तू नवरदेवाच्या मागणीत घरोघर जाऊन बसल्या. आणि हुंडा प्रतिबंधक कायदाही त्याच १९६१ सालचा. त्या कायद्याने हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे, मागणं तर आहेच. न मागता दिलेली भेट चालते, पण तिची यादी करावी लागते: वस्तू काय, अंदाजे किंमत किती, कोणी दिली, त्यांचं नातं काय, आणि खाली वधू-वर दोघांची सही. शिवाय मुलीकडून दिलेली भेट रीतीला धरून असावी आणि देणाऱ्याच्या ऐपतीबाहेरची नसावी, असंही त्यात आहे. ऐपतीबाहेरची म्हणजे काय, हे आमच्या फळ्यावर लिहिलेलंच होतं.

म्हणजे मागून घेतलेलं घड्याळ नवं असो की वापरलेलं, कायद्याला फरक पडत नाही. आणि वापरलेलं नवं म्हणून दिलं तर त्याचं ओझं कोणावर? वॉरंटी कार्डावर आधीची तारीख असते. पहिल्यांदा दुरुस्तीला नेलं की कंपनीच्या केंद्रात नंबर टाकून विचारणा होऊ शकते. तेव्हा ताई इथे असतील, पण मुलगी त्या घरात असेल.

गटाने ठरवलं, या कारणासाठी कर्ज द्यायचं नाही. ठराव लिहिताना ताई रडल्या, हे सांगायला हवं. "तुमच्या मुली लग्नाच्या झाल्या की बघते," असं त्या बोलून गेल्या, आणि तो राग आम्हाला खोटा वाटला नाही. मोडलेल्या लग्नाची भीती फळ्यावरच्या हिशेबाने जात नाही. म्हणून ठरावानंतर दोघी जणी त्यांच्या घरी गेल्या. मुलगी समोरच होती. तिने सगळं ऐकलं आणि आईदेखत होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला. त्याला कंपनीचं नावही धड माहीत नव्हतं. "घरी विचारतो," म्हणाला. तीन दिवसांनी निरोप आला, तुमच्या मनाला येईल ते द्या. मागणी नेमकी कोणाची होती, ते आम्हाला अजून कळलेलं नाही, आणि विचारायला कोणी गेलंही नाही.

ताईंनी तालुक्याच्या दुकानातून देशी कंपनीचं नवं घड्याळ घेतलं, ७,००० रुपयांत, स्वतःच्या बचतीतून, पक्क्या बिलावर. यादीत ते किमतीसकट लिहिलं. लग्नात दोन बायका घड्याळ बघून कुजबुजल्या. त्या कुजबुजणारच होत्या.

जाता जाता एक. या सगळ्या चर्चेत आमच्या एका सदस्येला आठवलं, की तिला लहानपणापासून एचएमटीचं 'सुजाता' हवं होतं, बायकांचं छोटं, चावीचं घड्याळ. शिलाईच्या पैशातून तिने ते जुन्या बाजारातून आणलं. आता नवं मिळणं अवघड, म्हणून जुनंच. घड्याळजींनी उघडून दाखवलं, तर मशीन ठीक, पण डायल पुन्हा रंगवलेली. जुन्या एचएमटीत हे फार होतं: एकाची डायल, दुसऱ्याचे काटे, तिसऱ्याचं मशीन. अक्षरं जाड किंवा तिरकी दिसली, रंग फार ताजा दिसला, तर समजावं. ती विक्रेत्याकडे परत गेली आणि ३०० रुपये कमी करून घेऊन आली. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी ती चावी भरते. दिवसाला दोन मिनिटं पुढे जातं म्हणे. घड्याळजी म्हणतात, सोमवारी आणा, लावून देतो.

तुमच्या घरी एखादं बंद पडलेलं चावीचं घड्याळ असेल, तर फेकण्याआधी एकदा उघडून बघा. आणि लग्नातल्या वस्तूंच्या यादीचा नमुना कोणाला हवा असेल तर पुढच्या बैठकीला या, आम्ही लिहून ठेवला आहे. नमस्कार.