परतलेल्या माणसाची धाव

बिऱ्हाड हलवावयाचे ठरले म्हणजे भांड्याकुंड्यांची, कपड्यालत्त्यांची, अंथरुणापांघरुणांची यादी होते. अंगी मुरलेल्या सवयींची यादी मात्र कोणी करीत नाही. परमुलखात जाताना मनुष्य सावध असतो. तेथील हवा, पाणी, रस्ते सारेच अनोळखी, म्हणून तो जपून पाऊल टाकतो. जुन्या घरी परतताना ही सावधगिरी सुटते. सारे ओळखीचेच आहे, असे त्यास वाटते. परंतु घर तेच असले तरी परतणारा मनुष्य तोच राहिलेला नसतो, आणि मधल्या काळात जडलेल्या सवयीला त्या घरात नव्याने जागा करून द्यावी लागते. लांब पल्ल्याच्या धावण्याची सवय तर फार जागा मागणारी. फौजा सिंग यांचे आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

जालंधरजवळच्या ब्यास पिंड या गावचे हे शेतकरी. त्यांच्या पारपत्रावर जन्मतारीख होती १ एप्रिल १९११. लहानपणी पाय इतके अशक्त की, पाचव्या वर्षापर्यंत त्यांना चालता येत नव्हते. तरुणपणी ते हौसेने धावत. ते धावणे १९४७ च्या फाळणीनंतर सुटले आणि पुढची चार दशके शेतात गेली. १९९२ मध्ये पत्नी निवर्तली. १९९४ मध्ये एक मुलगा डोळ्यांदेखत अपघातात गेला. त्याच दशकात ते पूर्व लंडनमधील इलफर्ड येथे दुसऱ्या मुलाकडे राहावयास गेले. तेथे, जिची भाषा येत नाही अशा वस्तीत, शोकावर उतारा म्हणून त्यांनी पुन्हा धावणे आरंभिले. हरमंदर सिंग हे मार्गदर्शक त्यांना लाभले. २००० साली, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांनी लंडनची मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटरांची शर्यत पुरी केली. २००३ मध्ये टोरोंटो येथे त्यांनी हेच अंतर ५ तास ४० मिनिटांत तोडले. तेथेच २०११ मध्ये, शंभराव्या वर्षी, ते आठ तासांहून अधिक वेळ चालत-धावत अखेरच्या रेषेपर्यंत पोचले. २०१३ मध्ये हाँगकाँगला १० किलोमीटर धावून त्यांनी स्पर्धांचा निरोप घेतला.

पुढे ते ब्यास पिंडला परतले. ज्या गावात धावणे एकदा सुटले होते, त्याच गावात ते दुसऱ्यांदा सुटणे किती सोपे होते! परदेशात सरावाची वेळ ठरलेली होती, सोबतीला मंडळी होती, पुढच्या शर्यतीची तारीख डोळ्यांसमोर होती. गावी यांतले काहीच आपोआप मिळत नाही. उलट आपल्याकडे शंभरी ओलांडलेल्या माणसाला खाटेवर बसविणे हाच त्याचा मान समजला जातो. फौजा सिंग यांनी हा मान नम्रपणे बाजूस ठेवला. वयाने धावण्याचे चालणे केले. पण रोजचे बाहेर पडणे त्यांनी मोडू दिले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये पंजाबच्या राज्यपालांनी काढलेल्या व्यसनमुक्तीच्या पदयात्रेतही ते सहभागी झाले. वेग गेला, अंतर गेले, नेम राहिला.

या नेमाला शरीरशास्त्राचाही आधार आहे. दमाचा व्यायाम अगदी बंद पडला, तर दोन-तीन आठवड्यांतच शरीराची प्राणवायू वापरण्याची शक्ती उतरू लागते. कारण प्रथम रक्तातील द्रवभाग घटतो. उलट आठवड्यातून सहा दिवस धावणाराने बिऱ्हाड हलविण्याच्या धांदलीत दोनच दिवस धावावयाचे ठरविले, पण त्या दिवशी नेहमीचा वेग सोडला नाही, तर ती शक्ती कित्येक आठवडे टिकून राहते. थंड मुलखातून उष्ण मुलखात परतणाराने आणखी एक पथ्य पाळावे. उन्हाला सरावण्यास शरीर सुमारे दहा ते चौदा दिवस घेते. तेवढ्या काळात घाम लवकर सुटू लागतो, घामावाटे जाणारे मीठ कमी होते आणि नाडी शांत राहते. हे दिवस मंद गतीने, पहाटेच्या वेळी धावण्याचे. जन्म याच उन्हात गेला, हा अभिमान येथे उपयोगी पडत नाही. सराव मोडला की शरीर ऊन विसरते.

आणि रस्ताही बदललेला असतो. १४ जुलै २०२५ रोजी, ११४ वर्षांचे फौजा सिंग आपल्याच गावाजवळच्या रस्त्यावर फेरी मारावयास निघाले असता भरधाव मोटारीची धडक बसून मृत्यू पावले. ज्या भूमीवर त्यांनी पहिले पाऊल टाकले, तेथेच शेवटचे पडले. परंतु एवढ्यावर समाधान मानणे बरे नव्हे. तो रस्ता पायी चालणारासाठी राखलेला असता, तर ही फेरी नित्याप्रमाणे घरी येऊन संपली असती. पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. अंगावर उठून दिसणारे वस्त्र असावे. शेताची वा शाळेच्या मैदानाची वाट मिळत असेल तर हमरस्ता सोडावा. जुन्या गावची वाट पाठ आहे म्हणून ती न पाहता चालणे धोक्याचे असते.

गावी परतणाराने सामान उतरविल्यावर पहिल्या पहाटेच ही नवी वाट शोधावयास निघावे. त्या दिवशी धावणे कोसभरही न झाले तरी चालेल. घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि मुख्य म्हणजे स्वतःला तेवढ्याने कळते की, परदेशात जडलेले धावणे तेथेच ठेवून हा मनुष्य परतलेला नाही.