कोटाबाहेरची शाळा

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मुला-मुलींनो,

तुमच्यातले कितीतरी जण रेवदंड्याच्या कोटातून जाणाऱ्या एसटीने कॉलेजला येत होते. त्या कोटात, नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये, पडक्या भिंती उभ्या आहेत. 1521 मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी इथे, म्हणजे तेव्हाच्या चौलमध्ये, ठाणं बांधलं. पुढे फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन आणि जेझुइट असे चार संघ या कोटात नांदले. जेझुइट म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू. शिकवणं हे ज्यांनी आपलं मुख्य काम मानलं, अशा या संघाविषयी आज तुमच्याशी बोलायचं आहे.

इग्नेशियस लोयोलाच्या या संघाला 1540 मध्ये पोपची मान्यता मिळाली, आणि दोनच वर्षांत फ्रान्सिस झेवियर गोव्याला उतरले. 1548 मध्ये सिसिलीतल्या मेसिना शहरात संघाने सर्वांसाठी पहिलं कॉलेज काढलं. विद्यार्थ्यांकडून फी घ्यायची नाही, हा तिथला नियम होता. 1599 मध्ये शिकवण्याची सगळी रीत लिहून काढली गेली: रोज कालच्या धड्याची उजळणी, शनिवारी आठवड्याची. चौलपासून युरोपपर्यंत एकाच शिस्तीने वर्ग भरू शकले ते या नियमांमुळे.

पण संघाची ही शाळा सत्तेच्या सावलीत होती, हे मला इतिहासाचा शिक्षक म्हणून सांगितलंच पाहिजे. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. देवळं पाडली गेली, माणसं गाव सोडून गेली. त्या दुःखाला विद्येच्या नावाखाली झाकता येणार नाही. आणि त्याच काळात, त्याच संघातला एक माणूस सासष्टीच्या खेड्यांत बसून मराठीत ओवी रचत होता. हे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोलला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत. मराठीची थोरवी त्यांनी ज्या प्रेमाने गायली, त्या प्रेमाने ती फार थोड्यांनी गायली आहे. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. तो हुकूम दप्तरात राहिला. कोकणी जिवंत आहे, आणि क्रिस्तपुराण आजही वाचलं जातं.

आपल्या किनाऱ्यावरही बोली अशीच टिकली. 1739 मध्ये वसई पडली, 1740 मध्ये चौल आणि कोरलई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज गेले, पाद्री गेले, कोटातले वर्ग बंद पडले. मागे राहिली ती साधी शेतकरी-मजूर ख्रिस्ती कुटुंबं. कुंडलिकेच्या मुखापलीकडे, कोरलईत, त्यांनी पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मेळातून झालेली आपली बोली जपली. कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय आयांनी ती मुलांच्या तोंडी दिली, आणि सुमारे हजारभर माणसं ती अजून बोलतात. शाळेवर आयुष्य काढलेल्या मला या आयांपुढे नम्र व्हावंसं वाटतं.

येशूसंघाचंही सगळं हिरावलं गेलं. 1759 मध्ये पोर्तुगालने त्यांना आपल्या मुलखातून हाकललं, 1773 मध्ये पोपनेच संघ विसर्जित केला. 1814 मध्ये तो पुन्हा उभा राहिला. पाठीशी पोर्तुगीज तोफा नसलेला हा नवा येशूसंघ मला अधिक मोठा वाटतो. 1869 मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज निघालं. तिथे फादर ब्लाटर यांनी वनस्पतींचा संग्रह सुरू केला. फादर सांतापाव यांनी आपल्या रायगडच्या डोक्यावर उभ्या असलेल्या खंडाळ्याची झाडंझुडपं नोंदवून ग्रंथ लिहिला. फादर हेरास यांनी 1926 मध्ये इतिहास-संशोधनाची संस्था काढली. 1903 मध्ये नगर जिल्ह्यात फादर डोरिंग यांनी ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केलं, ते आजही निघतं.

त्याच नगर जिल्ह्यात स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी आयुष्य काढलं. 1948 मध्ये ते भारतात आले. दुष्काळी गावांत पाणलोट विकासाचं काम त्यांनी उभं केलं, पण गावाला आधी अटी घातल्या: श्रमदान करा, कुऱ्हाडबंदी करा, चराईबंदी पाळा. डोंगरमाथ्यावरून पाणी अडवत खाली कसं यायचं, हे शेतकरी बांधावर उभा राहून शिकला. माझ्या मते मेसिनाच्या त्या फुकट कॉलेजचा खरा वारसा हाच.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्यातले पुष्कळ जण आता मुंबई-पुण्याला जातील, जायलाच हवं. पण तुमच्या गावाजवळ कातकरी वाडी आहे. तिथली मुलं दिवाळीनंतर आई-बापाबरोबर वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात, तोवर वर्ग पुढे निघून गेलेला असतो. तुमच्या खाडीकाठी खारभूमीचे बांध फुटतात आणि भरपाईचा अर्ज कसा करायचा हे शेतकऱ्याला कोणी सांगत नाही. तुमच्या कोळीवाड्यात योजनेचा कागद येतो, तो समजेल अशा भाषेत नसतो.

तुम्हाला वाचता येतं, हिशेब करता येतो, कायदा समजतो. जे येतं ते घेऊन या वाड्यांवर जा. त्यांच्या बोलीत बोला, आणि शिकवण्याआधी ती बोली शिका. फी घेऊ नका. येत्या जूनमध्ये भट्टीवरून परतलेल्या एका मुलाला मागे पडलेला अभ्यास भरून काढायला बसवा, आणि तो वर्गाबरोबर येईपर्यंत त्याला सोडू नका.